पायाला भिंगरी की एडीएचडी? चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरचा आमचा अनुभव

आमचा लेक साडेचार वर्षांचा, एक मिनिट बूड टेकत नाही, नर्सरीच्या टीचर म्हणाल्या हायपर वाटतो, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) तर नाही ना, दाखवून घ्या. मला तर रात्रभर झोप नाही. शेवटी पुण्यातल्या एका चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरला गेलो.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे डॉक्टरांनी घाईघाईत शिक्का मारला नाही. तासभर त्याला खेळू दिलं, आमच्याशी बोलल्या, टीचरसाठी वेगळा फॉर्म दिला कारण लक्षणं किमान ६ महिने आणि घर, शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसायला हवीत. आवडीच्या खेळात रमतो का, गोष्ट ऐकताना थांबतो का, नंबर लागेपर्यंत धीर धरतो का, धावण्यामुळे सारखं लागतं का, असं खूप बारीक विचारलं. झोपेचंही विचारलं, या वयात दुपारची धरून १० ते १३ तास हवी आणि आमचा जेमतेम ९ झोपायचा! झोप कमी पडली की मुलं पेंगत नाहीत, उलट जास्त उधळतात, हे मला खरंच माहीत नव्हतं. कानांची तपासणीही करायला सांगितली.

सध्या तरी निदान नाही, ६ महिन्यांनी परत बोलावलंय. औषध नाही, या वयात आधी आईबाबांनाच ट्रेनिंग देतात म्हणे.

अपॉइंटमेंट मात्र दीड महिन्याने मिळाली आणि वेटिंगची जागा एवढीशी, अशा मुलांनी तिथे बसायचं कसं? तरी मी ५ पैकी ४ स्टार देईन.