यूव्हर्जन बायबल अ‍ॅप: सासूबाईंचे पाच तारे, माझे तीन

आमच्या घरात हे अ‍ॅप तीन फोनांवर आहे आणि तिघांची मतं तीन. नवऱ्याचं विचारू नका, तो रोज सकाळी 'दिवसाचं वचन' नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून मोकळा होतो. त्यामुळे इथे मत सासूबाईंचं आणि माझं. मी नगरला आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलला शिकवते, हेही सांगून ठेवते, कारण माझ्या तक्रारी तिथल्याच आहेत.

आधी जुजबी माहिती. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ.चर्च या मंडळीने २००८ च्या जुलैमध्ये हे अ‍ॅप काढलं. आयफोनचं अ‍ॅप स्टोअर उघडलं तोच महिना. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. मराठीत एकाहून जास्त आवृत्त्या आहेत आणि त्यांत बायबल सोसायटी ऑफ इंडियाची, आपण लहानपणी घोकून पाठ केलेली आवृत्तीही आहे. हे महत्त्वाचं. तोंडपाठ वचन पडद्यावर वेगळंच दिसलं की म्हातारी माणसं फोन बाजूला ठेवतात आणि मग कितीही समजावा, हातात घेत नाहीत.

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. मोतीबिंदू काढला, तरी बारीक अक्षर लागत नाही. मोठ्या टायपाचं बायबल आणून दिलं, ते मांडीवर पेलवेना. फोनवर अक्षर वाढवलं तर पडद्यावर जेमतेम दीड वचन मावायचं आणि बोटाने वर सरकवताना ओळ निसटायची. ११९ व्या स्तोत्रात १७६ वचनं आहेत, विचार करा. शेवटी ज्या आवृत्तीपुढे स्पीकरची खूण असते ती लावून दिली. आता दुपारी जेवण झालं की खाटेवर पडून त्या ऐकतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं, त्याला म्हणावं जरा दमानं वाच." वेग कमी करायची सोय आहे, ती दाखवली. "हां, आता बरंय. आमचे जुने पाळक असंच वाचायचे." ठरलेल्या वेळाने आवाज आपोआप बंद करता येतो, तेही लावून ठेवलंय. लेवीयसारखं नियमांचं पुस्तक लागलं की डोळा लागतोच, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

फोनवर ऐकणं म्हणजे काही खरं वाचन नव्हे, असं आमच्या महिला मंडळात एक-दोघी म्हणतात. मला ते पटत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाने आधी ऐकलंय, मग वाचलंय. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघालं ते ओव्यांत, आणि गोव्याच्या चर्चमध्ये ते लोकांना वाचून दाखवत. रेव्हरंड टिळक कीर्तनं करायचे. त्यांची पदं नगरच्या मंडळ्यांत पुस्तक न उघडता म्हणणाऱ्या बायका मी रोज बघते. तेव्हा सासूबाईंची खाट त्याच रांगेत बसते. त्यांचे पाच तारे मी बिनशर्त नोंदवते.

आता माझे तीन. दोन तारे का कापले ते सांगते.

एक कापला तो लिहिण्यासाठी. वचनावर बोट ठेवलं की रंग देता येतो, टिपण लिहिता येतं, आणि खातं उघडलेलं असेल तर फोन बदलला तरी ते सगळं परत मिळतं. सोय चांगलीच आहे. पण माझ्या सासऱ्यांचं बायबल कपाटात आहे, ते उघडून बघा. समासात पेन्सिलीने तारखा, शेजारी उपदेश करणाऱ्याचं आडनाव. १२१ व्या स्तोत्राशेजारी लिहिलंय, "मुंबईला ऑपरेशन. निघताना." जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्या मधल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. ते आम्ही सगळे वाचतो, परवा माझ्या धाकट्याने त्यातून आजोबांच्या भावाचं नाव शोधून काढलं. मी फोनवर जे लिहिते ते माझ्या पासवर्डच्या आत. माझ्यामागे ते कोण उघडणार? यावर कुठल्याच अ‍ॅपचा इलाज नाही, हे कबूल, पण तारा कापलाच. धड्याची तयारी करताना अर्धवट आठवणारं वचन मी फोनवर शोधते, दोन शब्द टाकले की सापडतं, आणि टिपण मात्र छापील बायबलात करते.

दुसरा तारा त्या सलग दिवसांच्या आकड्यासाठी. तुम्ही किती दिवस न चुकता अ‍ॅप उघडलं ते हे मोजून दाखवतं. शाळेतल्या हजेरीपटासारखं. माझ्या वर्गातली मुलं आकडा टिकवायला अ‍ॅप उघडतात आणि लगेच बंद करतात. काय वाचलं विचारलं तर एकमेकांकडे बघतात. मोठ्यांतही ही खोड आहे, नावं घेत नाही. वाचनाच्या योजनाही आहेत, रोज थोडं वचन, थोडं मनन. त्यातलं मराठी बरंचसं इंग्रजीवरून आल्यासारखं वाटतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला (दौंडजवळचं, आमचं नगरचं केडगाव नव्हे) साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत बायबल केलं आणि त्यांच्याच मुक्ती मिशन आश्रमातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवून छापलं. एवढी मोठी परंपरा पाठीशी असताना मनन करायला उसनी वाक्यं का? पण हा प्रश्न ओक्लाहोमाला विचारून उपयोग नाही. आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवं.

उपासनेत फोन चालावा का, यावर आमच्याकडे वाद सुरूच आहे. पाळकांनी "हबक्कूक" म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं जुन्या करारातल्या त्या छोट्या पुस्तकाशी क्षणात पोचतात आणि पुढच्या बाकावर नहूम, सफन्या अशी शेजारच्या पुस्तकांची पानं फडफडत राहतात. पण प्रार्थनेच्या मधोमध कुणाच्या तरी फोनवर गॅस सिलिंडरचा मेसेज वाजतो, तोही पोरांच्याच बाकावरून. माझ्या वर्गात नियम साधा आहे: धडा छापील बायबलातून, घरी काय वापरायचं ते ज्याचं त्याने बघावं.

घरात म्हातारं माणूस असेल तर अ‍ॅप जरूर घ्या. बसवून देताना चार गोष्टी तुम्हीच करा: भाषा मराठी, ओळखीची आवृत्ती, आवाजाचा वेग कमी, सूचना बंद. सासूबाईंना मी तारे म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "पाच दे. आणि मध्ये साबणाची जाहिरात लागत नाही, ते पण लिही."