असॅसिन की स्वॅशबक्लर? लपून येणाऱ्या द्वंद्वयोद्ध्यासाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४चे नियम) रोग (Rogue, चोरपावलांनी लढणारं पात्र) घेतलाय आणि तिसऱ्या पातळीवर उपप्रकार निवडताना गाडी अडलीय: असॅसिन (मारेकरी) घेऊ की स्वॅशबक्लर (तलवारबाज), असं एका मैत्रिणीनं विचारलं. नाव ऐकून असॅसिनकडे मन ओढतं. पण लपण्याचं कसब दोघांचं सारखंच, कारण स्टेल्थमधलं (लपण्याच्या कौशल्यातलं) दुप्पट प्राविण्य रोगला पहिल्याच पातळीवर घेता येतं.

पहिला वार असॅसिनचा. बेसावध शत्रूला लागलेला प्रत्येक घाव क्रिटिकल, म्हणजे इजेचे फासे दुप्पट. पाचव्या पातळीवर स्नीक अटॅकचे (संधी साधून केलेल्या वाराच्या जादा इजेचे) ३ फासे थेट ६ होतात. मात्र शत्रूला तुमच्यातल्या एकाचीही चाहूल लागली की तो बेसावध राहत नाही. जडशीळ चिलखतातला सोबती असेल, तर ही संधी क्वचितच मिळते.

खरं द्वंद्व पहिल्या फेरीनंतर सुरू होतं, आणि तिथे स्वॅशबक्लर फारच सरस आहे. समोरासमोर एकटा शत्रू असला, जवळ तिसरं कोणी नसलं, की स्नीक अटॅक लागू. ज्याच्यावर वार केला, तो शत्रू तुम्ही त्याच खेळीत मागे सरताना तुमच्यावर उलटा वार करू शकत नाही. त्यामुळे एरवी सुरक्षित निसटायला खर्च होणारी बोनस ॲक्शन (खेळीतली जादा छोटी कृती) वाचते: दोन आखूड तलवारी घ्या, पहिला वार हुकला तर दुसरा आहेच.

किंमत? करिष्म्यातही गुण घालावे लागतात. असॅसिनला ते काटकतेत टाकता येतात.

एकट्यानं शिरून काम उरकायचं असेल, डीएम (खेळ चालवणारा) टेहळणीला वाव देत असेल, तर असॅसिन. गटासोबत खेळून समोरासमोर भिडायचं असेल, तर स्वॅशबक्लर. मैत्रिणीला मी तोच सुचवला.