गुडघ्याची पुडी आणि आईची साखर

पुडीने चार दिवसांत गुडघा दुखायचा थांबला, तर खूश होऊ नका, संशय घ्या. झिजलेल्या गुडघ्याला झाडपाल्याने इतक्या लवकर उतार पडत नाही.

आई साठीच्या पुढची. गुडघे झिजलेले, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. ओळखीतून एक 'वैद्य' कळला. त्याने गुडघा दाबून पाहिला, "गॅप पडलाय, वंगण आटलंय, भरून काढतो, ऑपरेशन लागणार नाही" असं सांगितलं आणि बिनलेबलाच्या पुड्या हातात ठेवल्या. बिल नाही, घटकांची यादी नाही. ती घराण्याची विद्या, सांगितली तर गुण जातो म्हणे. (गुण जात नसतो, माणूस पकडला जातो.)

आठवड्याच्या आत आई जिना चढायला लागली. भूक वाढली, चेहरा गोल झाला. येणारा-जाणारा "तब्येत सुधारली हं" म्हणायचा. मग साखर चढू लागली, पाठोपाठ बीपी. हाताला जरा कुठे लागलं की काळानिळा डाग. वैद्याकडे उत्तर तयार होतं: जुना विकार बाहेर पडतोय, साखरेच्या गोळ्या बंद करा. ते मात्र आईने ऐकलं नाही, हे नशीब.

पुढे पुड्या संपल्या आणि वैद्य फोन उचलेना. आईला अंथरुणातून उठवेना, उलट्या सुरू झाल्या, बीपी एकदम खाली. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्यांची यादी बाजूला ठेवून आधी विचारलं, "सांधेदुखीची कुठली पावडर घेत होतात?" रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तळाला गेलेलं होतं. उरलेली पुडी तपासायला दिली. तिच्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं, जोडीला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक.

स्टेरॉइड हे औषधच आहे, कित्येकांचा जीव वाचवतं. पण ते रोज बाहेरून मिळू लागलं की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवायचं आपलं काम थांबवतात. काही आठवडे असं चालल्यावर पुरवठा अचानक तुटला, तर शरीराकडे स्वतःचं काही शिल्लक नसतं. आईचं तेच झालं. शिवाय स्टेरॉइडने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. डायक्लोफिनॅक जास्त दिवस घेतलं तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो.

ही फसवणूक पन्नाशी-साठीतच खपते, कारण यातली प्रत्येक गोष्ट त्या वयात अशीही होऊ शकते. साखर वाढली? वयामुळे. हाड मोडलं? पाळी गेल्यावर हाडं कमजोर होतातच. नुकसानाचं खापर वयावर फुटतं आणि आराम तेवढा वैद्याच्या नावावर जमा होतो. मला सगळ्यात चीड याचीच येते. आणि हे पुडीपुरतंही नाही. छापील लेबल लावून विकलेल्या, सांध्यांसाठीच्या 'नैसर्गिक' गोळ्यांत हीच दोन औषधं लपवलेली सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये दिला होता.

आईला आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून स्टेरॉइड देत आहेत, ते हळूहळू उतरवत नेतील. गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले आहेत, वजन कमी करायचं आहे. एक किलो वजन उतरलं, तर चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो. दुखणं आहेच, पण जिन्याला कठडा आहे.

घरात कुणी अशी पुडी घेत असेल, तर हे वाचून रागाच्या भरात ती एकदम बंद करू नका. आधी डॉक्टर गाठा, किती दिवस घेतली ते लपवू नका, त्यांना रक्तातली साखर आणि कॉर्टिसॉल पाहू द्या. आणि एक-दोन पुड्या न उघडता जपून ठेवा. औषध प्रशासनाकडे तक्रार करताना त्याच लागतात.