सात माणसं आणि एक ट्रेलर: सबर्बन, एक्सपिडिशन, सिक्वोया की सरळ व्हॅन?

नवरा-बायको, तीन मुलं आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांचा उन्हाळा असाच भरलेला असतो. मग कुणीतरी ट्रॅव्हल ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, विषय काढतं आणि शनिवारी सगळी वरात शोरूमला जाते. तिथला माणूस सांगतो, ही गाडी ८,००० पौंड ओढते. तो खोटं बोलत नसतो. पण ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या ज्या जे-२८०७ चाचणीतून हा आकडा निघतो, तिच्यात गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. तुम्ही सात जण आहात.

म्हणून आधी ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर छापलेलं असतं. हा पेलोड. तो मॉडेलचा नव्हे, त्याच एका गाडीचा असतो. काचेचं छप्पर, फोर-व्हील ड्राइव्ह, मोटरवर सरकणाऱ्या सीट, जे जे वाढेल तेवढा तो कमी होतो. सगळ्यात महाग ट्रिम (गाडीचा प्रकार) ओढायला बहुधा सगळ्यात कच्ची निघते, ती यामुळेच.

आता हिशोब मांडू. मुलांच्या बंकसकट २८-३० फुटी ट्रेलर पाण्या-सामानाने भरला की ७,००० पौंड सहज होतो. त्यातले १० ते १५ टक्के हिचवर, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडणीतून गाडीच्या पाठीवर येतात. १३ टक्के धरले तर ९१०. वजन वाटून देणारं हिच स्वतःच १०० चं. चार मोठी माणसं ६२०, तीन मुलं २४०. डिकीत कुकर, स्ट्रोलर, आजींचे भाजणीचे डबे (ते मागे ठेवून निघायची कुणाची हिंमत नाही) असे १५०. बेरीज २,०२०.

शेवरलेची सबर्बन, फोर्डची एक्सपिडिशन मॅक्स किंवा टोयोटाची सिक्वोया, या मोठ्या एसयूव्हींच्या दारावर बहुतेक वेळा १,३०० ते १,७०० च्या मधला आकडा सापडेल. हिच थोडा भार ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतं, पण एवढा मोठा खड्डा त्याने बुजत नाही. याच कुटुंबाने ४,५०० पौंडांचा ट्रेलर घेतला, तर बेरीज १,७०० च्या आत जेमतेम बसते. म्हणजे एसयूव्ही घ्यायची तर ट्रेलर छोटा, हे आधीच मान्य करा.

ते मान्य असेल तर तिघींत माझी पसंती सबर्बनला. तिसऱ्या रांगेमागेही जागा उरते ती ४१ घनफूट, शिवाय १३४ इंचांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. मोठा ट्रक बाजूने सुसाट गेला की ट्रेलर डोलू लागतो, तेव्हा ही लांबी कामी येते. इंजिन निवडताना मात्र तुम्ही कुठे राहता ते बघा. ५.३ लिटरचा व्ही-८ टर्बोशिवाय, म्हणजे हवा कोंबणाऱ्या पंख्याशिवाय, चालतो आणि असं इंजिन उंचीच्या दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथवर पोचेपर्यंत तिसरा हिस्सा हवेत गेलेला असतो. डेन्व्हरकरांनी डिझेल सबर्बन घ्यावी, नाहीतर टर्बोवाली एक्सपिडिशन मॅक्स. फोर्ड घेताना हेवी-ड्युटी टो पॅकेज आहे ना, ते कागदावर तपासा. त्याशिवाय तिची ओढायची मर्यादा बरीच खाली येते. सिक्वोयाचं ४३७ अश्वशक्तीचं हायब्रिड इंजिन चांगलंच जोमदार, पण बॅटरीने मागची जागा खाल्ली आहे. सात माणसं बसली की सामान मांडीवर.

ट्रेलर ७,००० चाच हवा असेल तर शेवरले एक्सप्रेस ३५०० व्हॅन बघा. मुलं नाक मुरडतील. मूळ आराखडा १९९६ चा, आतून टेम्पोसारखी, फक्त रिअर-व्हील ड्राइव्ह, पेट्रोल घटाघटा पिते. पण पेलोड ३,००० च्या आसपास आणि ६.६ लिटरचा व्ही-८. वरचा सगळा हिशोब तिच्यात बसून वर जागा उरते. पंधरा सीटच्या व्हॅन पूर्ण भरल्यावर उलटण्याचा धोका वाढतो, असा इशारा तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने वारंवार दिला आहे. त्यामुळे शेवटचं बाक काढून टाका, माणसं पुढे बसवा. फोर्ड ट्रान्झिट व्हॅन चालवायला कितीतरी गोड, पण ती छोट्याच ट्रेलरची.

फोर्डच्या एफ-२५० पिकअपला वजनाची चिंता नाही. पुढे सलग बाक असेल तर सहा जण बसतात, सातवा घरी. मग मागोमाग मिनीव्हॅन न्यायची, दोन गाड्यांचं पेट्रोल भरायचं आणि आजी कुठल्या गाडीत यावरून प्रत्येक थांब्यावर भांडणं.

काहीही ठरलं तरी सही करण्याआधी आजींना त्या गाडीत चढवून बघा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला व्हॅनची पायरी उंच पडते. आणि ट्रेलर जोडून, सगळ्यांना बसवून, टाकी भरून पहिली फेरी ट्रकस्टॉपच्या वजनकाट्यावर करा. पुढच्या धुऱ्याचं, मागच्या धुऱ्याचं आणि ट्रेलरचं वजन तिथे वेगवेगळं छापून मिळतं.