धुरकं मोजायचं कशानं: जमिनीवरच्या केंद्रानं की उपग्रहानं?

हिवाळ्यात गंगेच्या मैदानावर पंजाबपासून बिहारपर्यंत धुरकं पसरतं.

केंद्रातलं बीटा किरणांचं यंत्र हवा फिल्टरच्या पट्टीवर ओढतं. साचलेल्या कणांनी किरण किती अडवले, त्यावरून दर तासाचं पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं प्रमाण, थेट मायक्रोग्रॅममध्ये मिळतं. आपल्या छातीत जाते ती हीच हवा, रात्रीचीसुद्धा. पण केंद्रं बहुतेक शहरांत. मधली गावंच्या गावं कोरी राहतात.

टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरचं मोडिस हे प्रकाश टिपणारं उपकरण ती गावंही पाहतं. मात्र ते कणांचं वजन करत नाही. जमिनीपासून वरपर्यंत हवेच्या अख्ख्या थरानं प्रकाश किती अडवला, एवढंच सांगतं. उंचावरून वाळवंटातली धूळ वाहत असली तरी आकडा फुगतो. आणि ढग किंवा दाट धुकं आलं की नोंदच नाही, म्हणजे नेमक्या वाईट दिवशी!

मुलांना बाहेर खेळायला सोडायचं का, हे मी केंद्राच्या आकड्यावरूनच ठरवेन. धूर कुठून कुठे सरकतोय, हे मात्र उपग्रहच दाखवतो. कानपूरला २००१ पासून सूर्याकडे रोखलेला फोटोमीटर (प्रकाश मोजणारं यंत्र) उपग्रहाचे आकडे पडताळायला उपयोगी पडतो. असे फोटोमीटर आणखी हवेत.