उत्तेजक अमली पदार्थांमुळे होणारे मृत्यू आणि व्हिसेरा अहवाल : नाशिकमधील एका कार्यशाळेविषयी

‘मृत्यूचे कारण राखून ठेवले आहे’ हे शवविच्छेदन अहवालातील वाक्य आणि पुढे बऱ्याच काळाने हाती येणारा व्हिसेऱ्याच्या, म्हणजे शवविच्छेदनात काढून ठेवलेल्या अवयवांच्या व रक्ताच्या नमुन्यांच्या, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, एवढीच फौजदारी वकील म्हणून माझी विषशास्त्राशी ओळख होती. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाचा कारखाना सापडल्यापासून त्याचे ‘एमडी’ हे नाव नाशिकमध्ये घरोघरी पोहोचले आहे. म्हणून वकील आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी गंगापूर रोडवर भरलेल्या या एकदिवसीय सशुल्क कार्यशाळेला मी मुद्दाम गेलो.

शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी सकाळचे पूर्ण सत्र एकाच प्रश्नाला दिले, आणि ते योग्यच होते : रक्त कुठून घेतले? मृत्यूनंतर फुफ्फुसे, यकृत आणि हृदयाच्या स्नायूंत साठलेले द्रव्य जवळच्या रक्तात उतरते, त्यामुळे हृदयातील रक्तात त्याचे प्रमाण मांडीच्या शिरेतील रक्तापेक्षा बरेच अधिक दिसू शकते. कोकेनचे विघटन तर नमुन्याच्या नळीतही चालूच राहते; ते मंदावणारे सोडियम फ्लोराइड घातले नाही आणि नमुना थंड ठेवला नाही, तर मूळ द्रव्य नाहीसे होऊन विघटनातून झालेली द्रव्ये तेवढी उरतात. मेफेड्रोनही उष्णतेत टिकत नाही, तेव्हा एप्रिलच्या उन्हात नमुना किती तास बाहेर राहिला याची नोंद आवश्यक ठरते.

या द्रव्यांसाठी सर्वांना लागू पडेल अशी प्राणघातक मात्रा नाही, हे ऐकताना मला माझे एक जुने प्रकरण आठवले. मृत मुलाच्या वडिलांना मी अहवालातील आकड्यावर बोट ठेवून मृत्यूचे कारण सांगितले होते. नेहमी सेवन करणाऱ्याच्या रक्तात जे प्रमाण आढळते, तेच नवख्याचा जीव घेऊ शकते. म्हणून शरीराचे तापमान, हृदयाच्या रक्तवाहिन्यांची स्थिती आणि सोबत मद्य होते का, हे सारे आकड्याच्या शेजारी ठेवूनच वाचावे लागते. त्या वडिलांना मी अपुरे उत्तर दिले, याची खंत वाटते.

एक उणीव मात्र मोठी आहे. सीलबंद नमुन्याच्या हस्तांतरणाच्या नोंदी आणि सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचे अहवाल पुरावा म्हणून वापरण्याविषयीचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९ हे विषय शेवटच्या वीस मिनिटांत उरकले गेले. शिवाय टिपणे केवळ इंग्रजीत होती. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराच्या हाती ती मराठीत द्यावीत, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.