नाताळचं जेवण घरात की हॉटेलात? बेतानं खर्च करणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की नातेवाइकांच्या ग्रुपवर पहिला विषय हाच निघतो, यंदा पंचवीसला जेवण कुठं. पोरं म्हणतात हॉटेलात जाऊया, आईला कशाला त्रास. म्हातारी माणसं म्हणतात सणादिवशी घरात चूल पेटली पाहिजे. आम्ही दोन्ही करून बघितलंय, आणि मधला मार्ग म्हणून सगळं बाहेरून मागवून घरात वाढलंय पण, त्यामुळं ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी जे अनुभवलं ते सांगतो. दहा-बारा माणसांच्या, बेताच्या पगारावर चालणाऱ्या घराचा अनुभव आहे हा. तुम्ही घरात चौघंच असाल तर गणित वेगळं येईल हे आधीच सांगून ठेवतो.

गोव्याचं सुरुवातीलाच बाजूला काढतो. आंबोलीनं गेलं काय नि फोंडा घाटानं गेलं काय, कोल्हापुरातनं गोवा जवळ, म्हणून दरवर्षी कुणीतरी तो विषय काढतंच, पण चोवीस ते एकतीस या आठवड्यातले खोल्यांचे दर बघितले की विषय आपोआप मिटतो. तिथं तुमची मावशी-आत्या राहत असेल तर जरूर जा. पन्हाळ्याचंही तसंच, नाताळच्या सुट्टीत गाडी लावायला जागा शोधण्यातच दुपार जाते.

आता हॉटेल. हॉटेलच्या बाजूनं बोलण्यासारखं खरंच आहे. कोल्हापुरात मटणाचं ताट वाईट मिळणं अवघड, तांबडा-पांढरा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा वाढतात, भांडी घासायची नाहीत, आणि जिनं वर्षभर स्वयंपाक केला तिला एक दिवस सुट्टी मिळते. ही शेवटची गोष्ट लहान नाही. आमच्या घरात हॉटेलचा आग्रह धरणारी पहिली माझी वहिनी होती आणि तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, कारण त्याआधीच्या नाताळात ती उपासनेवरून आली ती थेट ओट्यापाशी, नवी साडी तिनं फक्त चर्चमध्येच नेसली म्हणायची. पैशाचं म्हणाल तर मटणाचं ताट साधारण तीनशे-चारशेला धरा, बारा माणसांचे चार हजाराच्या वर जातात, वर पोरांचं आईस्क्रीम, कोल्ड्रिंक. जड आहे पण वर्षातनं एकदा म्हणून माणूस सोसतो.

माझं मन उठलं ते पैशामुळं नाही, वेटिंगमुळं.

पंचवीसला सकाळची उपासना झाली की कुणी लगेच निघत नाही. कोल्हापुरातली ख्रिस्ती मंडळी जुनी, रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी इथं आले १८५२ साली, त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च सगळ्यांना माहीत आहेच, आणि इतक्या पिढ्यांत कोण कुणाचं लागत नाही असं राहिलेलंच नाही. प्रत्येकाला हात मिळवायचा, प्रत्येकाच्या पोराला किती मोठा झालास म्हणायचं, फोटो काढायचे, यात तास-दीड तास जातो आणि तो गेलाच पाहिजे. म्हणजे हॉटेलात पोचायला दीड वाजतो. त्या दिवशी सरकारी सुट्टी, शाळांना नाताळची सुट्टी, अंबाबाईला आणि जोतिबाला आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे, सगळे नेमके त्याच वेळी तांबडा-पांढरा खायला बाहेर पडलेले. दारात वहीत नाव लिहायचं आणि उभं राहायचं. आमची आजी रेशमी साडी नेसून गाड्या लावतात तिथं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली, पोरांना भूक लागलेली, त्यातलं धाकटं रडायला लागलेलं. शेवटी नंबर आला तर म्हणाले बारा जण एका ठिकाणी नाही बसणार, सहा-सहा करा. सहा आत, सहा बाहेरच्या शेडमध्ये.

आमच्याकडं नाताळला जेवणाआधी थोरले काका प्रार्थना करतात. लांब करतात, वर्षभरात घरातलं कोण गेलं, कोण जन्माला आलं, कुणाला नोकरी लागली, कोण दवाखान्यात आहे, सगळ्यांची नावं घेत. पोरं डोळे किलकिले करून ताटाकडं बघत असतात पण आपलं नाव आलं की सरळ बसतात. ती प्रार्थना त्या दिवशी कुठल्या टेबलावर करायची हेच कळेना. काकांनी आत केली, हळू आवाजात, दोन वाक्यांत आटोपली, कारण आमच्या खुर्च्यांच्या मागं पुढच्या नंबरची माणसं उभी होती, टेबल कधी रिकामं होतंय बघत. त्यांचा दोष नाही, तीही भुकेलीच होती. पण बाहेरच्या शेडमधल्या सहा जणांनी काय म्हटलं ते ऐकलंच नाही. माझ्यासाठी हॉटेलचा विषय तिथं संपला. जेवण चांगलं होतं, रस्सा झणझणीत होता, तरीही.

कुणी म्हणेल आधी टेबल सांगून ठेवायचं. ठेवा, काही मोठ्या हॉटेलांत होतं तसं, पण तिथं ताटाचा दर पण तसाच असतो. आणि साध्या खाणावळीवजा हॉटेलात, जिथं आपल्याला परवडतं, तिथं सुट्टीच्या दिवशी बुकिंग कुणी घेत नाही असा माझा तरी अनुभव.

मधला मार्ग म्हणजे रस्सा आणि सुकं पार्सल आणायचं, भाकरी-भात घरात. एकदा केलं. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण पार्सलचा पांढरा रस्सा घरी येईपर्यंत निवतो आणि परत तापवताना जरा जास्त आच लागली की नारळाचं दूध फुटतं, वर तेल नि खाली पाणी दिसायला लागतं. आणि पार्सलला मोजून देतात, मागून घ्यायची सोय राहत नाही. नाताळला न सांगता दोन माणसं हमखास येतात, त्यांना काय वाढायचं?

घरच्या जेवणाची खरी ताकद माझ्या मते इथंच आहे, रस्सा वाढवता येतो. अडीच किलो मटणात बारा माणसं पोटभर जेवतात, वर दोन आली तरी चालतात, कारण एकाच आळणी पाण्यातनं दोन्ही रस्से निघतात. मटण हळद, मीठ, आलं-लसणात शिजवून घ्यायचं, फोडी काढून सुकं करायचं, उरलेल्या पाण्याचे दोन भाग. एकात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि आपली कांदा-लसूण चटणी. दुसऱ्यात नारळाचं दूध, काजू आणि तीळ. खसखस महाग असते, ती थोडीच घालून बाकी तिळावर भागवलं तर खाणाऱ्याला कळत नाही. मटणाचे दर हल्ली ऐकवत नाहीत हे मान्य, आपल्या कोल्हापुरात २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून कृती समिती निघाली होती, आंदोलन झालं होतं, त्या वर्षी बऱ्याच घरांत मटण कमी नि चिकन जास्त असं करावं लागलं. पण आजच्या दरानं सुद्धा मटण, नारळ, तांदूळ, सगळं धरून आमचं हॉटेलच्या दोन-तृतीयांशात भागतं आणि रात्रीचं जेवण पण त्यातच होतं.

राहिला वहिनीचा मुद्दा. तो सोडवल्याशिवाय घरचं जेवण चांगलं असं म्हणायचा कुणाला हक्क नाही असं मला मनापासून वाटतं. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, मटण पुरुषांनी करायचं. रानात जेवण करताना, यात्रेला, आपल्याकडं मटण गडीमाणसंच शिजवतात की, मग नाताळला का नाही. मी आणि धाकटा भाऊ चोवीसच्या रात्री वाटण करून फ्रीजमध्ये ठेवतो, पंचवीसला पहाटे मटण शिजवून सुकं तयार ठेवून मगच अंघोळ आणि चर्च. आल्यावर फक्त रस्से उकळायचे, अर्ध्या तासात पान. दोन, येणाऱ्या प्रत्येक घरानं एकेक गोष्ट आणायची, मावशीकडनं भाकरी, आत्याकडनं कोशिंबीर नि सोलकढी, कुणी भात, कुणी खीर. खर्च वाटला जातो आणि कुणाला वाईटही वाटत नाही. भांडी घासायला जेवण झाल्यावर पोरांची पाळी. आता वहिनी साडी न बदलता जेवायला बसते, घरच्या बाजूनं मोठा आवाज आज तिचाच असतो.

ज्यांच्या चर्चच्या मंडळीत नाताळच्या सुमाराला प्रीतीभोजन असतं त्यांनी तेही जरूर धरावं. माणशी थोडी वर्गणी, सगळ्यांबरोबर पंगत, आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं त्या दिवशी एकटी जेवत नाहीत. दोनच माणसांचं घर असेल तर मी हेच सुचवेन.

केकचं जरा वेगळं लिहितो कारण त्यातही हाच प्रश्न आहे, विकतचा की घरचा. विकतचा प्लम केक चांगला मिळतो पण बारा माणसांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पुरेल एवढा घ्यायचा तर खिसा मोकळा होतो. कुकरमध्ये शिट्टी नि रिंग काढून, तळाला मीठ पसरून केक होतो, पण एका वेळी एकच आणि मध्यभागी कच्चा राहायची भीती. आम्ही जुनी पद्धत धरून आहोत, पीठ घरात कालवायचं आणि बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचं. मनुका, टुटीफ्रुटी, काजूचे तुकडे आठवडाभर आधी संत्र्याच्या रसात भिजवून फ्रीजमध्ये ठेवायचे, साखर करपवून रंग आणायचा. डिसेंबरात गुऱ्हाळं सुरू असतात, ताजा गूळ मिळतो, आई निम्मी साखर काढून गूळ घालते, त्यानं केक ओलसर राहतो आणि चार दिवस टिकतो. ब्रेड-पाव निघाले की भट्टीची आच उतरते, ती उतरती आच केकला आणि नानकटाईला बरोबर लागते, म्हणून बेकरीवाले दुपारनंतर बोलावतात. कणकेच्या गोळ्यानं नावाची चिठ्ठी डब्याला चिकटवायची आणि रांगेत ठेवायचा. परत आणताना रिक्षाभर वास सुटतो, ड्रायव्हर विचारतोच काय आहे म्हणून, आणि त्याला एक नानकटाई द्यायचीच. मात्र सगळ्याच बेकऱ्या आता भाजून देत नाहीत, बऱ्याच ठिकाणी बंद झालंय, तुमच्या जवळ तशी नसेल तर ओटीजी म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन असणारं शेजारचं घर बघा, नाहीतर सरळ विकत घ्या, त्यात कमीपणा नाही.

फराळ मात्र घरचाच असावा असं मी थोडं ठासून म्हणेन. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, दिवाळीला शेजाऱ्यांकडनं ताट आलेलं असतं, ते नाताळला भरून परत गेलं पाहिजे. चॉकलेटचे खोके वाटण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि घरातली सगळी माणसं दोन संध्याकाळी एकत्र बसतात ते वेगळंच. नाताळ कधीकधी मार्गशीर्षात येतो, तेव्हा शेजारी मटण तर सोडाच अंडं घातलेला केकही खात नाहीत, मग नानकटाई उपयोगी पडते. आणि रात्री कॅरलवाली पोरं येतात, थंडीतनं गात आलेली, त्यांच्यापुढं गरम चहा नि ताटभर फराळ ठेवता आला पाहिजे.

सजावटीवर फार बोलत नाही. दिवाळीच्या माळा परत काढायच्या, कामट्या आणि पतंगाचा कागद आणून चांदणी पोरांकडनं करून घ्यायची. झाड घ्यायचंच असेल तर प्लॅस्टिकचं एकदा घेतलेलं वर्षानुवर्षं चालतं. कपडे दिवाळीलाच नाताळ धरून घेतले तर महाद्वार रोडला परत जावं लागत नाही.

एक गोष्ट हॉटेलात कुठल्याच पैशाला मिळत नाही, ती म्हणजे संध्याकाळ. जेवून सगळे आडवे होतात, चार वाजता चहा, मग अंधार पडला की अंगणात नाहीतर गच्चीवर पाटीत शेकोटी. कोल्हापूरची थंडी काही हाडं गोठवणारी नसते, शाल घेऊन बसण्यापुरती, पण तेवढीच हवी असते. निखाऱ्यात रताळी खुपसून ठेवायची, ओला हरभरा मिळाला तर तो भाजायचा. आजी तेव्हा बोलायला लागते, मिशनच्या जुन्या बंगल्यांचं, तिच्या लहानपणी नाताळला एकाच ताग्यातले कपडे सगळ्या भावंडांना शिवायचे त्याचं. पोरं मोबाईल ठेवून ऐकतात.

तरीही माझं म्हणणं सगळ्यांना लागू पडेल असं नाही. घरात आजारपण असेल, तान्हं बाळ असेल, किंवा करणारी एकच बाई असेल आणि बाकीचे हात लावणार नसतील, तर हॉटेल बरं, खुशाल जा, फक्त चर्चवरून थेट न जाता संध्याकाळी सातच्या आत जा, गर्दी त्या मानानं कमी असते. पण दहा माणसं जमणार असतील आणि त्यातली चार जरी कामाला तयार असतील तर घरात करून बघा एकदा.

करायचं ठरलं तर मटण दुकानात वीस-बावीस तारखेलाच सांगून ठेवा आणि चोवीसला संध्याकाळी घेऊन या, पंचवीसला सकाळी तिथंही रांग असते. लक्ष्मीपुरीतनं सुकं सामान पहिल्या पंधरवड्यात भरा. बेकरीवाल्याला कधी यायचं ते आठवडाभर आधी विचारा. आणि कोण काय आणणार ते ग्रुपवर लिहून टाका, नाहीतर तीन घरांतनं तीन पातेली भात येतो.